पितळी गुंड, शिंगाडा आणि क्रॉस-चेक

आमच्या भंडाऱ्यातल्या एका दिवाळी अंकाचे संपादक घरी आले, चहा प्यायले, बशीभर चिवडा संपवला आणि म्हणाले, "ताई, तुम्ही सत्तावीस वर्षं ढगांत काढली. आमच्या वाचकांसाठी ढगांवर काही लिहा." मी म्हटलं, "भाऊ, मी ढग पाहिलेच नाहीत. मी पट्टे पाहिले." माणसांच्या पोटावरचे पट्टे. लागला की नाही, ढिला आहे का, मांडीवरच्या पोराखाली दबला आहे का. ढग पाहण्यासाठी भांडून खिडकीची जागा घेणारा माणूस तर विमान सुटायच्या आधीच घोरायला लागतो. संपादक जरा हिरमुसले. मग मी त्यांना म्हटलं, ढग राहू द्या, एका दरवाज्याची गोष्ट लिहून देते. त्यात एक पितळी गुंड आहे, शिंगाडे आहेत आणि माझी अब्रू आहे. अब्रूचं नाव काढल्याबरोबर संपादकांनी दोन पानं जास्तीची दिली.

आधी आमच्या धंद्याची बोली थोडी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तुम्ही विमानात येता तेव्हा आम्ही हात जोडून स्वागत करतो, पण आपसांत तुम्हाला 'पॅक्स' म्हणतो. आम्ही ज्या घडीच्या खुर्चीवर बसतो ती जंपसीट. उठलं की ती आपोआप मिटते, आणि पदर मध्ये असला तर पदरासकट मिटते. विमान येऊन परत सुटेपर्यंतचा जो अर्धा तास, तो टर्नअराउंड. लग्नात पहिली पंगत उठते, पत्रावळी गोळा होतात, पाणी शिंपडतात आणि दुसरी पंगत आधीच मागे उभी राहून मानेवर श्वास सोडत असते, अगदी तेच. उतरायला जागा नसली की विमान वरच्या वर गोल फिरत राहतं, ते होल्डिंग. आमच्या घरी बाथरूममध्ये कोणी असलं की बाबा खांद्यावर टॉवेल टाकून अंगणात फेऱ्या मारतात. शेजारीण विचारते, "काका काहून फिरून राहिले?" मी सांगते, "होल्डिंगमध्ये आहेत."

आणि एक गोष्ट सांगून ठेवते. विमान धावपट्टीवर पळायला लागलं की जंपसीटवरची पोरगी अचानक गंभीर होते, हात मांडीखाली दाबून समोर पाहत बसते. लोकांना वाटतं, हिला गर्व चढला. तसं नसतं हो. त्याला 'सायलेंट रिव्ह्यू' म्हणतात. आग लागली तर काय, कोणता दरवाजा, आधी काय ओरडायचं, ही सगळी उजळणी ती मनात करत असते. म्हणजे तुम्ही तिच्या नाकाडोळ्यांकडे पाहत असता, तेव्हा ती मनातल्या मनात तुम्हाला जळत्या विमानातून बाहेर ढकलत असते.

आता बाबांची ओळख. आमचे बाबा भंडारा-पवनी-आसगाव या रस्त्यावर एका खासगी गाडीवर कंडक्टर होते. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा बाबा पाळण्यात होते. पुढे शिकले, कंडक्टर झाले, आणि पोरगी शिकलीच पाहिजे हे त्यांनी असं धरलं की मी विमानात पोचेपर्यंत सोडलं नाही. पण स्वतः विमानात? नाव नको. मला मिळालेले किती फुकट पास वाया गेले. म्हणत, "ज्या गाडीच्या मागं उतरून पाहता येत नाही, तिच्यात मी बसत नाही."

एकदा मी त्यांना सांगितलं की विमानाला आपल्या आपण मागे जाता येत नाही, एक ट्रॅक्टर येऊन त्याला ढकलतो, त्याला पुशबॅक म्हणतात. बाबा इतके खूश झाले की वॉर्डभर सांगत फिरले, "एवढं मोठं इमान, अन् ट्रॅक्टर लागते!" मग मी सांगितलं की त्या वेळी एक माणूस विमानाबरोबर पायी चालतो, सगळीकडे नजर ठेवतो आणि शेवटी लांब उभा राहून वैमानिकाला अंगठा दाखवतो. बाबा एकदम गप्प झाले. थोड्या वेळानं म्हणाले, "तो खरा कंडक्टर." तेव्हा मला त्या गप्प होण्याचं काही वाटलं नाही.

बाबांची आणखी एक खोड होती. भंडाऱ्याचा माणूस, आजूबाजूला तलावच तलाव, आणि शिंगाडा खात नसत. घरात उकडलेले शिंगाडे आले की उठून जात. आई म्हणायची, वात होत असंल. आम्हीही वातावर सोडून दिलं होतं.

तर दरवाजा. विमानाच्या प्रत्येक दरवाज्यात एक रबरी घसरगुंडी घडी करून भरलेली असते. विमान निघताना आम्ही एक लिव्हर खाली करतो, म्हणजे दरवाजा 'आर्म' झाला. आता तो आतून उघडला की घसरगुंडी बाहेर उडी मारते आणि चार-सहा सेकंदांत फुगून उभी राहते. संकटात तिच्यावरून घसरून जीव वाचतो. पण संकट नसताना ती फुगली तर खाली उभ्या असलेल्याचा जीव जाऊ शकतो. म्हणून विमान थांबलं की पुढून घोषणा होते: दरवाजे डिसआर्म करा आणि क्रॉस-चेक करा. ही घोषणा तुम्ही ऐकलेली आहे, पण तोवर तुम्ही उभे राहून डोक्यावरच्या कप्प्याशी झटत असता.

क्रॉस-चेक म्हणजे काय? मी माझ्या दरवाज्याची लिव्हर वर करायची, समोरचीनं तिची. मग मी तिच्या दरवाज्याकडे पाहायचं, तिनं माझ्या. डोळ्यांनी पाहायचं, आणि मगच अंगठा दाखवायचा. बस एवढंच. माणसावर विश्वास ठेवा, लिव्हरवर ठेवू नका. मला या क्रॉस-चेकचा इतका अभिमान होता की घरात सुद्धा तो लागू केला होता. बाहेर निघताना गॅस मी बंद करायचा, पाहायचा बाबांनी. पाण्याची मोटार बाबांनी बंद करायची, पाहायची मी. मग फाटकात उभं राहून एकमेकांना अंगठे. शेजारीपाजारी म्हणत, बापलेकी दोघंही बह्याड आहेत, पार येडे.

आणि ही गोष्ट घडली त्याच वर्षी माझं नाव प्रशिक्षक म्हणून लागलं होतं. पुढच्या महिन्यापासून मी नव्या पोरींना शिकवणार. काय शिकवणार? हेच. अंगठा आधी डोळ्यातून आला पाहिजे, नुसत्या हातातून नाही.

त्या दिवशी नागपूरहून पुणे. माझ्यासोबत मागच्या बाजूला पूर्वा होती. साताऱ्याची, नोकरी लागून जेमतेम सहा महिने, अजून कच्ची. घरच्यांनी तिला एका वर्षाची मुदत दिली होती: टिकलीस तर टिकलीस, नाहीतर परत यायचं आणि बोहल्यावर उभं राहायचं. स्थळही पाहून ठेवलेलं. ती मला सांगायची, "मॅम, तो मुलगा दिसायला बरा आहे, पण तो प्रत्येक वाक्यानंतर 'ओके ना?' म्हणतो. मी जन्मभर ओके नाही म्हणू शकत."

पॅक्स यायला लागले. एका भाऊंच्या तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा. त्यांनी गाल फुगवून बोटानं खिडकीकडे दाखवलं, म्हणजे ही उघडते कशी? मी त्यांना उलटीची पिशवी दिली आणि हात जोडले. त्यांनीही हात जोडले. आमचा व्यवहार एकही शब्द न बोलता पुरा झाला.

त्यांच्या मागे आले गुंडवाले काका. धोतर पांढरंशुभ्र, आणि छातीशी धरलेला एक चकचकीत पितळी गुंड. आमच्याकडे पाणी भरायला असतो तोच. पोरीचं लग्न होऊन ती पुण्यात राहायला गेली होती, तिच्या नव्या घरासाठी हा भंडाऱ्याचा गुंड. खालच्या सामानात का नाही दिला म्हणून पूर्वानं ड्यूटीवरच्या हिंदीत विचारलं, तर काका माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, खाली टाकतेत हो ते. चेपला त पोरीच्या सासरी का तोंड दाखवू?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "द्या बापा, वरच ठेवू, पण मधात काढाचा नाही."

काका थबकले. "तुमी भंडाऱ्याच्या?"

"हो न."

"मंग त इमान आपलंच हाय!"

इथंच माझं चुकलं. विमान आपलंच झाल्यावर माणूस कोणाच्या बापाचं ऐकतो? गुंड शेवटून दुसऱ्या रांगेवरच्या कप्प्यात कसाबसा बसला. काका त्याच्याच खाली, आणि त्यांच्या शेजारी एक हडकुळ्या आजी. पुण्यापर्यंत काकांनी तीन वेळा कप्पा उघडून गुंड पाहिला. तिन्ही वेळा मी त्यांना बसवलं. तिसऱ्यांदा म्हणाले, "पाहून घेतलेलं बरं राहते, मॅडम." तत्त्व म्हणून यात चूक काहीच नव्हती.

पुण्यात उतरलो. विमान थांबलं. पुढून घोषणा झाली. मी माझ्या दरवाज्याची लिव्हर वर केली, आणि मागे कप्पा उघडल्याचा खट्ट आवाज आला. वळून पाहते तर गुंड कप्प्यातून अर्धा बाहेर, बरोबर आजींच्या टाळूवर. मी झेप घेतली. काय झेप होती! आयुष्यात कधी खो-खो खेळले नव्हते. दोन्ही हातांनी गुंडाला कवटाळलं, माझी हनुवटी त्याच्या काठावर, नाक पितळेला चिकटलेलं. काका खालून ओरडून राहिले, "बोटं लागतीन हो त्याले, आत्ताच घासला हाय!"

तेवढ्यात पूर्वाचा आवाज आला, "मॅम?"

मी वळून पाहिलं नाही. गुंडाखालून अंगठा तेवढा बाहेर काढला.

झालं असं होतं की पूर्वाही गुंडच पाहत होती. तिचा हात लिव्हरवर होता, पण लिव्हर खालीच होती. तिला वाटलं आपण वर केली. मॅमचा अंगठा आला, म्हणजे केलीच असेल. बाहेर जेवणाची गाडी लागायची होती, म्हणून तिनं दरवाजा उघडला.

त्या आवाजाचं वर्णन करू नये. ट्रकचं टायर फुटावं आणि लगेच दहा प्रेशर कुकरनी एकदम शिट्टी सोडावी, असं काहीतरी. उजव्या दरवाज्यातून ती करडी घसरगुंडी जमिनीपर्यंत फुगून डुलत होती. जेवणाची गाडी उलटी येत होती, पण तिच्यामागे उभा असलेला माणूस नीट पाहत होता. त्यानं हात वर करून ती हातभर अंतरावर थांबवली. कोणाला खरचटलं सुद्धा नाही. एका माणसानं पाहिलं म्हणून.

आत काका दोन्ही हात वर करून ओरडले, "मी नाही केलं हो! मी त फक्त झाकण उघडलं!" आणि थोड्या वेळानं, घसरगुंडी नीट पाहून झाल्यावर, हळूच, "मॅडम, इकून उतराचं हाय का? मंग पहिले गुंड सोडू का?"

हसू नका. म्हणजे हसा, मी पण आता हसते. पण पूर्वा तिथं दरवाज्याला धरून उभी होती आणि तिचे ओठ पांढरे पडले होते.

मग कागद आले. दोघींना वेगवेगळे. माझ्या कागदावर एक प्रश्न होता: समोरच्या दरवाज्याचा क्रॉस-चेक केला होता का? होय, नाही. मी 'होय'वर खूण केली. अंगठा दाखवला होता ना? मग होय. मनाला कशी पळवाट सापडते पाहा, उंदरालाही इतक्या लवकर सापडत नाही. पूर्वानं तिच्या कागदावर लिहिलं, माझी चूक, सीनियरनी क्रॉस-चेक केला होता. तिला खरंच तसं वाटत होतं. तिला जागच्या जागी ड्यूटीवरून उतरवलं, आमच्या भाषेत 'ग्राउंड' केलं. सोमवारी चौकशी. सगळ्यांना माहीत होतं की कच्ची पोरगी आहे, जाणार. मला लोक म्हणाले, "तुम्ही काय करणार मॅम, तुम्ही तर पाहिलं होतं."

मला चार दिवस सुटी होती. मी भंडाऱ्याला आले.

दुसऱ्या दिवशी दुपारी अंगणात बसून शिंगाडे सोलत होते. सोलणं कसलं, चिरडत होते. बाबा नेहमीसारखे उठून जायला निघाले, पण माझं तोंड पाहून थांबले.

"का झालं? काल मोटार पाहाले बी नाही आली."

मी म्हटलं, "काही नाही. एका मैत्रिणीचं झालं." आणि मैत्रिणीच्या नावावर सगळं सांगितलं. गुंड, आजी, अंगठा, 'होय'वरची खूण.

बाबांनी पूर्ण ऐकून घेतलं. "मैत्रीण भंडाऱ्याची हाय का?"

"हो."

"अस्सं."

मग ते तिथंच ओट्यावर बसले. शिंगाड्यांच्या टोपल्यापासून तोंड फिरवून. आणि मला जे कधीच सांगितलं नव्हतं ते सांगू लागले.

"आमच्या गाडीवर लहानू होता, डायव्हर. तुले आठवत नसंल, तू लहान होती. पवनीच्या बाजारात गाडी मागं घ्याची होती. मागं उतरून पत्रा वाजवाचं काम माह्यं. पत्रा वाजत राहिला का येऊ दे, जोरानं एकदा वाजवला का थांब, दोनदा वाजवला का चाल. एका बाईनं मले मूठभर शिंगाडे देल्ले होते, ताजे. शिंगाड्याले काटे राह्यते, लक्ष द्या लागते. त मी दातानं शिंगाडा सोलून राहिलो, डोये शिंगाड्यावर, अन् हातानं पत्रा वाजवून राहिलो. येऊ दे, येऊ दे, येऊ दे..."

"मग?"

"मंग का! मालकाच्या मेव्हण्याची नवी कोरी मोटारसायकल. तिच्यावरचा हार बी सुकला नव्हता. पापड झाला पापड."

मला हसू आलं. बाबांना नाही आलं.

"मालकानं मले इचारलं, मागं कोण होतं? म्हणलं, मी होतो, पण मी त थांब म्हणलं होतं. तोंडात अर्धा शिंगाडा, अन् मी म्हणतो थांब म्हणलं होतं. लहानूले त्याच दिवशी गाडीवरून उतरवलं. तो काही बोलला नाही. माह्याकडे पाहिलं, चाबी ठेवली अन् पायी आसगावले गेला. चाळीसच्या वर वर्षं झाले. आसगाववरून हजारदा गाडी नेली, पण त्याच्या घराकडं मान वळवली नाही मी."

मी हातातले शिंगाडे टोपल्यात टाकले.

"तुह्या मैत्रिणीले सांग," बाबा उठता उठता म्हणाले, "ते पोट्टी गेली ना, त मंग इले जलमभर गुंडात पाणी भरता येनार नाही."

सोमवारी मी पूर्वाच्या आधी आत गेले. चौकशी घेणाऱ्या साहेबांना म्हटलं, माझी खूण चुकीच्या ठिकाणी आहे. मी पाहिलं नव्हतं, माझी हनुवटी गुंडावर होती. साहेबांनी आधी 'गुंड' म्हणजे काय ते विचारलं. समजावून सांगायला पाच मिनिटं गेली, हातवारे करावे लागले. मग ते म्हणाले, "तुमचं प्रशिक्षकपद जाईल, हे कळतं ना तुम्हाला?" मी म्हटलं, कळतं. निकाल असा झाला की दोघींनी सहा आठवडे जमिनीवर बसायचं, पुन्हा शिकायचं. माझं प्रशिक्षकपद गेलं. पूर्वाची नोकरी राहिली.

आणि पाहा गंमत. मंगळवारी साहेबांचा फोन. "मॅडम, बरं झालं तुम्ही काल आलात. आज एक पत्र आलंय." गुंडवाल्या काकांनी कंपनीला माझ्या कौतुकाचं पत्र पाठवलं होतं! साहेबांनी वाचून दाखवलं: 'सदर मॅडमनी माझा गुंड जिवापेक्षा जास्त सांभाळला. दोन्ही हात गुंडाला व तोंड माझ्याकडे असताना सुद्धा त्यांनी मागे वळून न पाहता मागच्या मुलीला अंगठा दाखवून आपले कर्तव्य बजावले, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले. अशा कर्मचाऱ्याला बढती मिळावी.' मी एक दिवस उशीर केला असता तर त्या बढतीनं माझं कल्याण झालं असतं.

वाटलं होतं, पूर्वा माझ्या गळ्यात पडेल. कुठलं काय! ती म्हणाली, "मॅम, तीन दिवस मी जेवले नाही. त्या 'ओके ना'वाल्याला घरून फोन गेला होता. तुम्ही शुक्रवारीच का नाही सांगितलं?" सहा आठवडे आम्ही एका हॉलमध्ये खोट्या दरवाज्यावर सराव केला. आमने-सामने, कारण जोडी आमचीच. ती माझ्याशी एक अक्षर बोलत नसे. फक्त माझ्या दरवाज्यापर्यंत चालत यायची, लिव्हरला नाक लागेल इतकं वाकून पाहायची, आणि मग अंगठा. दिवसातून पन्नास वेळा. मी पण तिच्या लिव्हरला नाक लावून यायची. शेवटच्या दिवशी, नाक लिव्हरपाशी असतानाच तिनं विचारलं, "मॅम, गुंड चेपला का हो शेवटी?" आणि मग आम्ही दोघी त्या खोट्या दरवाज्यात बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो.

आज ती स्वतः शिकवते. माझ्या नशिबी ते आलं नाही, याची खंत आहे. ती खंत मी घासूनपुसून ठेवली आहे.

पण गोष्ट इथं संपली नाही. पूर्वा वाचल्याचं मी बाबांना फोनवर सांगितलं, तेव्हा त्यांनी मैत्रिणीची चौकशी केली नाही. एवढंच म्हणाले, "घरी आली का गाडी काढ. आसगावले जाऊ."

गेलो. लहानूकाकांचं घर गावाच्या कडेला, मागे धानाचं शेत, अंगणात ट्रॅक्टर. गाडीवरून उतरवल्यावर त्यांनी ट्रॅक्टर चालवला, आता नातू चालवतो. काका बाजेवर बसले होते. बाबांना पाहून उठले नाहीत, फक्त बाजेवर जागा केली.

बाबा बसले नाहीत. उभ्यानंच, शाळेतल्या पोरासारखे हात मागे बांधून म्हणाले, "लहानू, त्या दिवशी मी पाहून नोहतो राहिलो. शिंगाडा सोलून राहिलो होतो. थांब बी नोहतं म्हणलं."

लहानूकाकांनी काठी बाजेला टेकवली.

"मले माहीत हाय," ते म्हणाले.

"कसं?"

"आरशात दिसत होता न तू. डायव्हरच्या बाजूच्या. मान खाली, अन् दातानं शिंगाडा सोलून राहिला."

बाबांनी मागे बांधलेले हात सोडले. "मंग... तुले दिसून राहिलं होतं, त तू काहून नाही थांबला?"

"तुह्या हातानं पत्रा वाजत होता," लहानूकाका म्हणाले. "डोये काहीही म्हणो, मी पत्र्यावर गाडी घेत होतो. चूक माही बी होती. म्हणून नाही बोललो." आणि वर, "अन् मालकाचा मेव्हणा तसाबी लय माजला होता."

बाबा बाजेवर बसले आणि रडायला लागले. लहानूकाका हसायला लागले. मी दोघांच्या मध्ये पाण्याचा लोटा घेऊन होल्डिंगमध्ये.

निघताना काकांनी बाबांच्या खिशात मूठभर शिंगाडे कोंबले. अंगण अरुंद होतं, गाडी उलटी काढायची होती. मी स्टिअरिंगवर बसले, तर बाबा गाडीच्या मागे जाऊन उभे. सत्तरीकडे झुकलेला माणूस. म्हटलं, "बाबा, बसा, मला कॅमेऱ्यात दिसतं." म्हणाले, "कॅमेऱ्यानं का होते?"

आरशात मला दिसत होते. त्यांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, कोंबड्या हाकलल्या, कमरेत वाकून गाडीखाली पाहिलं. एका हातानं पत्रा वाजवत, डोळे रस्त्यावर ठेवून, त्यांनी मला इंचाइंचानं फाटकाबाहेर काढलं. दुसऱ्या बाजूला लहानूकाका काठी टेकत उभे होते. बाबांनी त्यांच्याकडे पाहिलं. काकांनी चाकं पाहिली, नाली पाहिली, मग अंगठा वर केला.

बाबांनी दोनदा पत्रा वाजवला. येऊन माझ्या शेजारी बसले, पट्टा लावला, आणि खिशातला शिंगाडा काढून सोलायला घेतला.